पप्पांचा कान आणि हॉलमधला कॉम्प्युटर

स्टेशनजवळच्या त्या दुकानासमोरून मी आजही जात नाही. रिक्षा त्या गल्लीतून वळलीच तर मान दुसरीकडे फिरवते. मला किळस येते. दुकानाची येते, तिथे आमच्याबरोबर आलेल्या माझ्या आतेभावाची येते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी काचेच्या काउंटरला टेकून हसलेल्या माझीही येते. हे लिहावं की नाही ते बरेच दिवस ठरत नव्हतं. शेवटी पप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही. फक्त खोटं लिहू नकोस."

आम्ही वसईतल्या गिरीज गावचे. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे ते सगळं मी शाळेत शिकलेल्या मराठीत लिहिलं आहे, कारण बोली कागदावर कशी उतरवायची हे मला नीट जमत नाही. आजोबांच्या वाडीच्या वाटण्या झाल्या तेव्हा आमच्या वाट्याला केळीच्या चार रांगा आणि थोडी भाजी होईल एवढी जागा आली. तेवढ्यावर घर चालणार नव्हतं. म्हणून पप्पांनी गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर नोकरी धरली. पत्रा सरकवायचा, पायाने पॅडल दाबायचं, धाड करून बिजागरी पडायची. असं दिवसभर, आणि वर्षानुवर्षं. कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे, पण ते घातले तर शेजारच्याची हाक ऐकू येत नाही आणि बोट जातं, असं पप्पा सांगतात. बोटं सगळी शाबूत राहिली. गाळा बंद पडला तोपर्यंत डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा अर्धा उरला होता. आता उजव्या कानात ते मशीन लावतात.

कानाच्या मशीनबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. माझाही होता. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येतं, असं वाटतं. तसं नसतं. निदान पप्पांच्या मशीनचं तसं नाही. ते सगळंच मोठं करतं. आईचं बोलणं मोठं होतं, पण कुकर, भांडी, पंखा, पिशवीची चुरचुर हेही मोठं होतं आणि आईचं बोलणं त्यात बुडून जातं. फार गोंगाट झाला की पप्पा शांतपणे मशीन काढतात आणि शर्टाच्या खिशात ठेवतात. मग ते आमच्यात बसलेले असतात आणि नसतातही.

संध्याकाळी सात वाजता आमच्या हॉलमध्ये आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या छोट्या वेदीसमोर, जपमाळ होते. पप्पा पुढाकार घेतात. त्यांनी 'नमो मरिये' म्हणायचं, बाकीच्यांनी 'पवित्र मरिये' म्हणून उत्तर द्यायचं, आमचं 'आमेन' संपलं की त्यांनी पुन्हा सुरू करायचं. म्हणजे पुढाकार घेणाऱ्याला दुसऱ्यांचं संपलेलं ऐकू यावं लागतं. म्हणून आमच्याकडे जपमाळेला छताचा पंखा बंद होतो. मे महिन्यातही होतो. आई घामाने भिजते, मी भिजते, पण पंखा बंद.

एवढं सगळं सांगितलं कारण मी ह्याच हॉलमध्ये ठेवण्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला निघाले होते.

मी कॉलेजात आयटी शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गावातल्या कुणाचाही मोबाइल बिघडला की तो माझ्याकडे येतो आणि मला काही येत नसलं तरी मी बघते. मला गेम तयार करायला शिकायचं आहे. खेळायलाही आवडतं, ते कशाला लपवू. कॉलेजच्या लॅबमधले कॉम्प्युटर थ्रीडीचं सॉफ्टवेअर उघडतानाच धापा टाकतात. दोन वर्षं शिकवण्या घेतल्या आणि ठरवलं की स्वतःचा घ्यायचा, एकेक भाग निवडून. आईची एकच अट होती. "हॉलमध्ये. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आतल्या खोलीत दार लावून बसायचं नाही." तशी आतल्या खोलीत जागाही नव्हती. हॉलमधल्या टीव्हीलाच तो जोडता येणार होता.

तेव्हा तो शांत हवा होता. जपमाळेच्या अर्ध्या तासापुरता तो बंद करता आला असता. पण पप्पा दुपारी वाडीतून आले की जेवणापर्यंत हॉलमध्येच असतात. शेजारचे तिथेच येतात, आई भाजी तिथेच निवडते, घरातलं सगळं बोलणं तिथेच होतं. माझा कॉम्प्युटर घूं घूं करत राहिला तर पप्पांचं मशीन रोज चार तास खिशात जाणार, हे मला कळत होतं.

मी दोन महिने वही लिहिली. कमी वीज खाणारा प्रोसेसर, कारण कमी तापतो. त्याच्यावर बसवायचा मोठा, जाड पत्र्यांचा कूलर, कारण पत्रे जास्त असले की पंख्याला धावावं लागत नाही. लहान पंखे तीन घेण्यापेक्षा मोठे दोन, हळू फिरणारे. फिरणारी हार्डडिस्क नको, तिची टिकटिक असते. ग्राफिक्स कार्ड असं हवं की हलकं काम असताना त्याचे पंखे थांबतील. कॅबिनेट जाळीचं, म्हणजे हवा सहज आत जाईल. आणि दिवे नकोत. ह्याचा आवाजाशी काही संबंध नाही, पण आल्तारासमोर जांभळं-हिरवं चमचमतंय हे मला बघवलं नसतं.

वही घेऊन मी एकटी दुकानात गेले असते तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे असं करत नाहीत. मोठी वस्तू ओळखीतल्या जाणत्या माणसाला घेऊन जाऊन आणायची असते. आतेभाऊ मुंबईत एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. तो आमच्या घरातला जाणता. त्याला न विचारता घेतला असता तर आत्या रुसली असती. त्याने शनिवारची सुट्टी आमच्यासाठी मोडली. एकदा कुणी तुमच्यासाठी सुट्टी मोडली की त्याने दाखवलेल्या वस्तूला नको म्हणता येत नाही. निदान मला आलं नाही.

पप्पाही आले. मी म्हटलं होतं, "तुम्ही कशाला दगदग करता?" ते म्हणाले, "एवढी मोठी वस्तू येते घरात. बघायला तरी येतो."

दुकान म्हणजे काचेच्या भिंती आणि भिंतभर फिरणारे रंगीत दिवे. आत शिरल्यावर माझ्या अंगावरच ते रंग बदलत होते. मालकाने आमच्याकडे बघून आतेभावाला ओळखीचं हसू दिलं. मी वही उघडली आणि वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर आतेभावाने ती माझ्या हातातून घेतली.

"हे कुठून उतरवलंस? एवढ्या कूलरची काय गरज? जेट विमान उडवायचंय?"

"आवाज कमी हवा ना, दादा. हॉलमध्ये ठेवणार आहोत."

"मग? हॉलमध्ये कोण झोपतं?"

मी पप्पांकडे बघितलं. ते दाराजवळ उभे होते, फिरणारे रंगीत पंखे बघत. रस्त्यावरचा गोंगाट आत येत होता, म्हणून मशीन त्यांनी कधीच खिशात टाकलं होतं.

"पप्पांना त्रास होतो," मी म्हटलं.

आतेभावाने आवाज खाली आणला. मालकाकडे झुकला आणि म्हणाला, "मामांना कसला त्रास? इथे बॉम्ब फुटला तरी ते विचारतील, कुणी बेल वाजवली का?"

मालक हसला. काउंटरमागचे दोघं हसले. आणि मी हसले.

का हसले ते मला सांगता येत नाही. सगळे हसले म्हणून. त्याने सुट्टी मोडली होती म्हणून. वही माझ्या हातात नव्हती म्हणून. ह्यातलं एकही कारण पुरेसं नाही. हसत असतानाच मी दाराकडे बघितलं, तर पप्पा आमच्याकडे बघत होते. तेही थोडे हसले, विनोद कळला नाही तरी सगळ्यांबरोबर हसावं तसं. आणि त्यानंतर मी दादा जे म्हणेल त्याला हो म्हणत गेले.

कूलर बारका आला. "कंपनी फुकट देते तोच टाक, मस्त चालतो." पंखे तीन, दिव्यांचे. कॅबिनेट पुढून काचेचं, कारण ते 'भारी दिसतं'. कार्डाच्या वेळी मालकाने आतून एक खोका आणला. "लास्ट पीस है. आपके भाईसाब के लिए रखा था." खोक्यावरचं सील मला जरा वाकडं वाटलं. मी बोट लावलं. दादा म्हणाला, "अगं, ओळखीचे आहेत." मी बोट काढलं.

घरी आल्यावर आईने कॉम्प्युटरला फूल वाहिलं. पहिल्याच संध्याकाळी मी एक मोठं सॉफ्टवेअर त्यात भरत होते. सात वाजायला आले तसा मी तो बंद करायला गेले, तर पप्पा म्हणाले, "राहू दे. तुझं काम अर्ध्यावर तुटेल. बघू जमतंय का."

नाही जमलं. छताचा पंखा बंद झाला आणि तो दुसरा आवाज मोठा झाला. गरगर आणि त्यात एक घरघर, कुणाच्या तरी छातीत कफ भरल्यासारखी. पहिल्या दहा मण्यांत पप्पांनी तीनदा आमच्या उत्तराच्या मध्येच पुढचं 'नमो मरिये' सुरू केलं. आई थांबली, मी थांबले, पप्पाही थांबले. मग त्यांनी कानातलं मशीन काढलं, खिशात ठेवलं आणि हाताने आईला खूण केली की पुढाकार तू घे. आईने घेतला. पप्पा गुडघ्यांवर बसून ओठ हलवत राहिले.

शेवटी उठताना ते मला म्हणाले, "चांगला आहे तुझा कॉम्प्युटर."

मला स्वतःचा इतका तिटकारा त्याआधी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आवाज आणखी वाढला. मी घाबरले. मागे वाकून बघितलं तर कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर क्रोशाचं पांढरं कव्हर. आमच्या घरात फ्रीजला कव्हर आहे, मिक्सरला आहे, टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिकचं आहे. आईने रात्रीत कॉम्प्युटरचंही विणून टाकलं होतं, कडेला गुलाबांची नक्षी. गरम हवा बाहेर पडायची वाट नेमकी तीच होती.

"आई, ह्याचं नाक दाबलंस तू."

"धूळ नाही का बसणार? नाक असेल तर तोंडही असेल, तिथून घेईल श्वास."

कव्हर काढलं. आवाज थोडा उतरला. पण कफ भरल्यासारखी घरघर तशीच होती. पप्पा वाडीतून आले की हात धुऊन हॉलमध्ये बसत, मी कॉम्प्युटर सुरू केला की त्यांचा हात खिशाकडे जाई. शेजारच्या काकू येऊन बसायच्या, आई आणि त्या बोलायच्या आणि पप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. मी समोर पाठ करून बसलेली. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी स्क्रू काढले.

मी असं काही पहिल्यांदाच उघडत होते. कार्ड बाहेर काढलं आणि उलटं केलं. वरून ते पुसून लख्ख केलेलं होतं. पण पंख्याच्या पात्यांमागे, पत्र्यांच्या फटींत, खानावळीच्या धुराड्याला असतो तसा तपकिरी चिकट थर होता. त्यात केस अडकलेले होते. कुणाचे, कोण जाणे. लांब, पांढरट. आणि खाली एका कोपऱ्यात झुरळाची अंड्यांची कुपी, नीट चिकटवलेली, जशी काय त्या कार्डाचाच भाग. बाजूला दोन सुकलेले पाय. स्क्रूची डोकी झिजलेली. हे कार्ड कुठेतरी वर्ष-दीड वर्ष अखंड राबून आलं होतं आणि 'लास्ट पीस' म्हणून आमच्या आल्तारासमोर येऊन बसलं होतं. नळाखाली चार वेळा साबणाने हात धुतले तरी बोटांना तो चिकटपणा वाटत होता. त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

आईने कुपी बघितली आणि दुकानदाराला जे बोलू नये ते सगळं बोलून घेतलं. मग म्हणाली, "भावाला फोन लाव तुझ्या."

दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, सेकंडहँड असतात कधीकधी, पण चालतात ना? आता उगाच दुकानात जाऊन माझी इज्जत घालवू नकोस."

मी फोन ठेवला आणि पप्पांसमोर जाऊन बसले. त्यांच्या उजव्या बाजूला, तोंड दिसेल असं. कार्ड दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, पात्याला बोटाने टिचकी मारली, कानाजवळ नाही नेलं, तर नखाने आस हलवून बघितला. "बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "हा ढिला आहे बघ. आमच्याकडे प्रेसचा असा झाला की सुपरवायझर म्हणायचा, चालू द्या." मग ते म्हणाले, "उद्या जाऊ. वही घे."

दुकानात मालकाने आधी मला ओळखलंच नाही. ओळखल्यावर म्हणाला, "मॅडम, छह दिन यूज किया. अब वापस कैसे होगा?" मी 'पण' म्हटलं. पप्पांनी पिशवीतून कार्ड काढलं. काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक होतं, एक बाई आणि तिचा नवरा, लॅपटॉप बघत असलेले. पप्पांनी कार्ड त्यांच्या लॅपटॉपशेजारी उलटं ठेवलं, कुपी वर येईल असं. बाई किंचाळून मागे सरली.

"हे माझ्या घरात होतं," पप्पा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज जरा मोठाच असतो. तो पूर्ण दुकानात गेला.

मालकाने घाईने कार्डावर कागद टाकला. "अंकल, अंकल, आवाज नको. बैठो." आणि मग ओरडून, एकेक अक्षर सुटं करून, लहान मुलाला सांगतात तसं, "दू-स-रा दे-ता हूं! न-या!"

पप्पा माझ्याकडे वळले. "वाच तुझी वही."

मी वाचली. ह्या वेळी कुणी ती हातातून घेतली नाही. मोठा कूलर, दोन मोठे पंखे, जाळीचं कॅबिनेट, सगळं बदलून घेतलं. वाचताना दोनदा मी 'चालेल का?' असं विचारलं, जसं काय मी उपकार मागत होते. ह्याचाही मला नंतर राग आला.

कार्डाचं तेवढं सोपं नव्हतं. पप्पांना ते चालू करून बघायचं होतं. रस्त्याच्या आवाजात काही कळणार नाही, म्हणून मागच्या गोदामात जोडून दाखवा, दार लावा, असं त्यांनी सांगितलं. मालक वैतागला, पण ती बाई अजून दारात उभी राहून ऐकत होती. गोदामात उंदरांचा वास होता. खोक्यांवर जेवणाचे उष्टे डबे. मालकाने नवं कार्ड जोडलं, मी सांगितलं तसा एक गेम उघडला. पप्पांनी कानात मशीन घातलं. एक हात कॅबिनेटवर ठेवला, तळवा पूर्ण टेकवून, जसा ते प्रेसवर ठेवत असतील. पाच मिनिटं तसेच उभे राहिले.

"थरथर नाही. पण शिट्टी मारतंय."

"कुछ नहीं है अंकल," मालक म्हणाला. मलाही काही ऐकू येत नव्हतं. मी कान पार पत्र्याला लावला तेव्हा कळलं. अगदी बारीक, टोकदार, डास कानाशी यावा तसा आवाज. पंख्याचा नव्हे, कार्डाच्या आतला, विजेचा. ह्याबद्दल मी वाचलं होतं पण कधी ऐकलं नव्हतं. आणि नेमका असा टोकदार आवाजच पप्पांचं मशीन सगळ्यात जास्त वाढवतं, कारण तसल्या आवाजांसाठीच त्यांचा कान मेला आहे. म्हणजे मी कितीही वही लिहिली असती आणि माझ्या कानाने शांत कॉम्प्युटर आणला असता तरी त्यांच्यासाठी ती शिट्टी राहिलीच असती. मला हे दोन महिन्यांत सुचलं नव्हतं. ज्याच्यासाठी शांतता हवी होती त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसरं कार्ड जोडलं. तेही शिट्टी मारत होतं, पण कमी. तिसरं जोडताना मालकाने खोका आपटला. पप्पा तळवा ठेवून उभे राहिले, डोळे मिटून. मग म्हणाले, "हे द्या."

घरी मी सगळं पुन्हा बसवलं, स्वतः. गेमचं चित्र सेकंदाला साठ वेळाच बदलेल असं बांधून टाकलं. त्याहून जास्त धावू दिलं की कार्ड पुन्हा कुरकुरतं. त्या संध्याकाळी मी मुद्दाम कॉम्प्युटर चालू ठेवला. जपमाळ सुरू झाली. पहिले दहा मणी झाले, दुसरे दहा झाले. तिसऱ्यात पप्पा मध्येच थांबले. मला वाटलं, संपलं सगळं.

ते आईकडे वळून म्हणाले, "तू अर्धे शब्द गिळतेस की."

"बावीस वर्षं गिळतेय. आज कळलं का? चला, पुढचं म्हणा."

इथे थांबले असते तर बरं वाटलं असतं. पण पप्पांनी खोटं लिहू नको म्हटलंय.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर आतेभाऊ आला. त्याने पाय पसरून सोफ्यावर बसत कॉम्प्युटरकडे बघितलं. त्याने निवडलेलं काचेचं कॅबिनेट तिथे नव्हतं, हे त्याला दिसलं. तो पप्पांकडे बघून ओरडला, "मामा! बरे आहात?"

"ओरडू नको. बरा आहे."

दादा हसला. मग माझ्याकडे झुकला आणि तसाच आवाज खाली आणला, दुकानात आणला होता तसा. "बदललंस ना सगळं? एका बहिऱ्यासाठी एवढा तमाशा. ह्यांना काय, कॉम्प्युटर चालू आहे की बंद, हे तरी कळतं का?"

कॉम्प्युटर चालू होता. छताचा पंखा बंद होता, कारण आई त्याच्याखाली तांदूळ पाखडत होती. हॉलमध्ये दुसरा कसलाच आवाज नव्हता.

पप्पा म्हणाले, "कळतं. तू बोलतोस तेही कळतं."

आईच्या हातातलं सूप थांबलं. ह्या वेळी मी हसले नाही, पण बोललेही नाही. पप्पा त्याच्याकडे बघत राहिले, रागाने नाही, बरेच दिवस न भेटलेल्या माणसाकडे बघावं तसे. दादा काहीतरी पुटपुटला, मजा करत होतो, असं काहीतरी. चहा न घेताच गेला.

तेव्हा मला उमगलं की मी आवाज घालवायला निघाले होते ते आईच्या प्रार्थनेसाठी, काकूंच्या गप्पांसाठी, माझ्यासाठी. पण खोलीतला आवाज गेला की सगळंच ऐकू येतं. लोक पप्पांसमोर इतकी वर्षं आवाज खाली आणून काय काय बोलत असतील ते मी मनात आणलं. त्यांत मीही होते.

मी उठून पप्पांच्या उजव्या बाजूला बसले. "पप्पा, त्या दिवशी दुकानात तो तुमच्याबद्दल असंच बोलला होता. आणि मी हसले होते."

"बघितलं होतं."

एवढंच. ते आईने पाखडलेल्या तांदळातले खडे वेचत होते. दोन-तीन खडे बाजूला काढल्यावर म्हणाले, "कानाच्या डॉक्टरांकडे शनिवारी जायचंय. ते तुझ्या आईला काय सांगतात ते तिला कळत नाही, आणि मला तिथल्या एसीच्या आवाजात ऐकू येत नाही. आम्ही दोघं मान हलवून येतो. तू येशील?"

शनिवारी मी गेले. डॉक्टर मला सांगायला लागले, "ह्यांच्या मशीनमध्ये आपण," आणि मी त्यांना मध्येच थांबवलं. माझा आवाज फार बारीक निघाला. मी म्हटलं, "सर, एसी जरा बंद कराल का? आणि मला नका सांगू. त्यांच्याकडे बघून सांगा."